टिरिलचा तिसरा हात

सकाळपासून बालवाडीत नुसता धुमाकूळ चालला होता. कुणाचा मोजा सापडत नव्हता, दोघींनी एकमेकींच्या टोप्या घातल्या होत्या, स्वेर्रे नावाचा पाच वर्षांचा गडी पातेल्याचं झाकण डावाने बडवत "आज येणार! आज येणार!" करत खोलीभर फिरत होता. आणि या सगळ्या फौजेची बाई, ओड्रुन, कपड्यांच्या खोलीच्या मधोमध उभी राहून हसत होती. मदतीला पुढे झाली? छे! दोन्ही हात खिशात.

येणार होता तो सूर्य. नोव्हेंबर संपता संपता तो आमच्या फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोलवर घुसलेल्या खाडीच्या, पलीकडच्या डोंगरांमागे जातो तो थेट जानेवारीत परततो. तोवर दुपारचा थोडा निळसर उजेड, बाकी सगळा कारभार दिव्यांवर. परतीच्या पहिल्या दिवशी तरी महाराज नीट वर येतील? तेही नाही. समोरच्या दोन डोंगरांमधल्या खाचेतून डोकावतात, कपभर कॉफी संपेस्तोवर थांबतात आणि पुन्हा गडप. पण त्या एवढ्याशा दर्शनासाठी अख्खं गाव बालवाडीमागच्या टेकडीवर जमतं. म्हातारी माणसं थर्मास घेऊन येतात, पोरं झाकणं बडवतात आणि पिवळ्या मलईचे बन ट्रेच्या ट्रे भरून वर चढवले जातात.

त्यात आमच्या गावचा एक नियम आहे, आणि तो मोडायची कुणाची छाती नाही. सूर्याला हाक मारायचा मान बालवाडीतल्या एकाच मुलाचा. नाताळच्या जेवणात टोपीतून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याने परतीच्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी सूर्य बघायचा आणि "आला!" म्हणून ओरडायचं. खाचेत उजेड दिसल्यापासून ते मूल ओरडेपर्यंत बाकी सगळ्यांची तोंडं बंद, झाकणं गप्प, आणि बनाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. ऐंशी वर्षांचे आजोबाही लावत नाहीत.

यंदा चिठ्ठी निघाली होती टिरिलची. वय साडेचार, उंची बेताची, जिद्द मात्र घोड्याएवढी. गेल्या वर्षी ढगांनी सगळ्यांची निराशा केली होती आणि त्याआधी ती बाबागाडीत झोपली होती, म्हणजे परतीचा सूर्य तिने अजून पाहिलाच नव्हता. तिचा बाबा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर दूर समुद्रात होता. संध्याकाळी त्याचा फोन यायचा होता आणि त्याला काय काय सांगायचं ते टिरिलने आठवडाभर पाठ करून ठेवलं होतं: "बाबा, मी माझी मी चेन लावली, टेकडीवर गेले आणि सूर्याला बोलावलं."

चेन, म्हणजे बर्फात घालायच्या अखंड सुटाची, आधी. सूर्य नंतर. हे लक्षात ठेवा.

आता ओड्रुनच्या त्या हातांबद्दल सांगायलाच हवं. हात खिशात घालून उभं राहणं हा तिचा आळस नव्हता, ते तिचं शिक्षणशास्त्र होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ती इतर बायांसारखीच होती. बाहेर जायची वेळ झाली की एकामागून एक पोराला लोकरीत कोंबायची, वर जाड सूट चढवायची, चेन ओढायची, बूट दाबायची, आणि शेवटचं पोर तयार होईतो पहिल्याला शू लागलेली असायची. घामाघूम! मग एका हिवाळ्यात ती बर्फावर अशी काही आपटली की दोन्ही मनगटं प्लास्टरमध्ये गेली. घरी बसून कंटाळली, म्हणून तशीच कामावर आली. हात कामाचे नाहीत म्हटल्यावर पोरं करतात काय? पहिला आठवडा रडारड, दुसऱ्या आठवड्यात उलटे बूट, आणि महिन्याभरात काय सांगू, सगळी फौज आपली आपण तयार होऊन दारात उभी! आणि चेहरे असे, की जणू जग जिंकून आलीत.

ओड्रुनने त्याच दिवशी ठरवून टाकलं. प्लास्टर निघालं, पण हात परत कामाला लागले नाहीत, ते खिशात गेले. दर शरद ऋतूत पालकांच्या सभेत ती उभी राहायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "माझे हात खिशात असतात, म्हणून तुमच्या मुलांचे हात चालतात. आमच्या बालवाडीत कुणी मदत मागत नाही!" पालक टाळ्या वाजवायचे. आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला यायचे. आणि खरंच होतं ते, तिच्या हाताखालून गेलेली पोरं शाळेत पहिल्या दिवशी बुटाची नाडी बांधत असताना बाकीची भोकाड पसरून बसलेली असायची. अभिमान वाटणारच की! तिला वाटायचा आणि ती तो लपवायचीही नाही.

तिच्या या शिक्षणशास्त्राला एकच माणूस वैतागलेला होता. योस्टाइन. आयुष्यभर मासेमारी केली, गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बोट सोडून शरदात बालवाडीत मदतनीस म्हणून लागला. लोण्यासारखा माणूस. पण हात कसे स्वस्थ बसावेत? ऑक्टोबरमध्ये एकदा त्याने स्वेर्रेची चेन झर्रकन ओढून दिली. ओड्रुन असली कडाडली!

"योस्टाइन! चोरी केलीस तू!"

"मी?" तो बिचारा खिसे चाचपायला लागला. "काय चोरलं?"

"त्याची चेन! आज ती त्याला लावता येणार होती. त्याच्या हातातून हिसकावून घेतलीस तू ती!"

"अगं, पोराची चेन लावली. त्याची किडनी नाही काढून घेतली," योस्टाइन पुटपुटला. पण तेव्हापासून तोही हात मागे बांधून उभा राहायला शिकला. फक्त धुसफुसणं तेवढं थांबलं नाही.

तर त्या दिवशी, परतीच्या दिवशी, आभाळ स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की म्हातारी माणसं एकमेकांना ढोसून दाखवत होती. पण रेडिओवर सांगत होते की संध्याकाळपासून समुद्राकडून वादळ येतंय, आणि पुढचा आठवडाभर कुणाला आपलं नाकसुद्धा दिसणार नाही. म्हणजे काय ते आजच. तान्ह्या पोरांना घेऊन बालवाडीतल्या बाकीच्या दोघी बाया घसरगाड्यांवरून केव्हाच टेकडीवर पोचल्या होत्या. मोठ्या गटातली सगळी पोरंही सूट चढवून, टोप्या ओढून दारात ताटकळत होती. लोकरीच्या आत उकडून त्यांचे गाल बीटासारखे लाल झाले होते.

एक टिरिल राहिली होती.

तिने सूट घातला होता, बूट घातले होते, टोपीही घातली होती. पायापासून गळ्यापर्यंत जाणारी ती लांबलचक चेन मात्र मांडीपाशी अडून बसली होती. टिरिल ओढायची, चेन दोन बोटं वर सरकायची आणि आतली कापडी पट्टी दातांत अडकायची. ती पुन्हा खाली ओढायची, पट्टी सोडवायची, पुन्हा वर. जीभ बाहेर, कपाळावर आठ्या.

"टिरिल, चल ना!" स्वेर्रे दारातून ओरडला. "सूर्य काय तुझी वाट बघणारे?"

"बघेल!" टिरिलने मान वर न करता सुनावलं.

योस्टाइनला राहवेना. तो वाकला. ओड्रुनने नुसतं "योस्टाइन" म्हटलं आणि तो होता तिथे थांबला.

"अगं बाई, आजच्या दिवस तरी!" तो कळवळून म्हणाला. "हाक मारायचा मान तिचा आहे. वर सगळं गाव उभं आहे."

"म्हणूनच. दोन महिने ती या चेनीशी झुंजते आहे. आज लावेल ती."

"आणि नाही लावली तर?"

"लावेल."

"ओड्रुन, तुझं ते शिक्षणशास्त्र सूर्याला धरून ठेवणारे का? दोरी बांधून?"

"तू यांना घेऊन वर जा. इथे उकडून निघतायत बिचारी. आम्ही येतोच."

योस्टाइनने टोपी कानांवर ओढली, काहीतरी बोटीवरचं ठेवणीतलं पुटपुटला, आणि सगळी वरात घेऊन बाहेर पडला. झाकणांचा खणखणाट टेकडीच्या दिशेने लांब लांब जात राहिला.

खोलीत दोघीच उरल्या. ओले कपडे सुकवणाऱ्या वाळवणीच्या कपाटाची घरघर, आणि चेनीचा आवाज. झर्र. खट्. झर्र. खट्.

ओड्रुन समोरच्या बाकावर बसली. हात खिशात. तिला खात्री होती, हो, शंभर टक्के खात्री होती. असे किती हिवाळे तिने काढले होते! शेवटचा तो क्षण, तोंडाशी आलेलं रडू आणि त्याच्या पलीकडे एकदम जमणं, तो क्षण तिला पाठ होता. त्याच्यासाठी तर ती जगत होती. आत्ता येईल. ही बघा, आत्ता.

झर्र. खट्.

खिडकीतून गावामागच्या उंच डोंगराचं टोक दिसत होतं. ते गुलाबी झालं होतं. बघता बघता गुलाबी रंग खाली उतरत आला आणि पिवळा व्हायला लागला.  नोव्हेंबरात ती टिरिलला काय म्हणाली होती? "सूर्य परत येईल ना, तोवर तुझी तू चेन लावशील. बघच!" सगळ्यांसमोर म्हणाली होती. आणि पोरीने तेव्हापासून रोज, रोज त्या चेनीशी मारामारी केली होती.

आता टिरिलचा खालचा ओठ थरथरायला लागला. डोळ्यांत पाणी भरलं. पण तोंडातून शब्द नाही. मान खाली, आणि झर्र.

खट्.

आणि मग टेकडीवरचा खणखणाट थांबला.

एकदम. सगळा. ओड्रुन ताडकन उठली. हे थांबणं तिला माहीत होतं. खाचेत उजेड दिसला की झाकणं थांबतात, हाक येईपर्यंत. म्हणजे तो आलाच होता, किंवा येण्याच्या बेतात होता! आणि ज्या पोरीने ओरडायचं ती इथे, वाळवणीच्या कपाटाशेजारी!

तिच्या त्या सगळ्या वर्षांच्या तत्त्वाचं पाणी पाणी झालं हो. हात खिशातून बाहेर आले, ती गुडघ्यांवर बसली आणि तिने चेनीला हात घातला. "पुरे. दे इकडे. आज मी लावते."

"नाही!" टिरिल अशी किंचाळली की खिडकी हादरली. "माझी आहे! मीच!" तिने ओड्रुनचा हात ढकलला, आणि त्या झटापटीत जी काय थोडीफार वर गेली होती ती चेन सरकन तळाला गेली. टिरिलने हंबरडा फोडला.

"बरं, बरं! मग अशीच चल, उघडी! मी तुला माझ्या कोटात गुंडाळते आणि पळत..."

"नको! चेन नाही लागली तर तो येणार नाही!"

"कोण म्हणालं असं?"

"तू!" हुंदक्यांमधून. "तू म्हणालीस. सूर्य येईल तेव्हा चेन लागलेली असेल. नाही लागली तर तो परत जाईल!"

ओड्रुन सुन्न झाली. म्हणजे दोन महिने ही चिमुरडी असलं ओझं घेऊन फिरत होती? आपली चेन लागली नाही, तर गावाला उजेड मिळणार नाही? आणि आपण समोर बाकावर बसून तिच्या जिद्दीचं कौतुक करत होतो! तिला स्वतःच्याच दोन मुस्काटात माराव्याशा वाटल्या. पण वेळ कुठे होता? तिने टिरिलचं नाक पुसलं आणि घाईघाईने विचारलं, "नेमकं काय अडतंय गं? मला सांग."

टिरिलला हा प्रश्न नवाच असावा. तिने हुंदका गिळला आणि विचार केला.

"एक हात कमी पडतो."

"म्हणजे?"

"एका हाताने चेन ओढायची." तिने ओढून दाखवली. "एका हाताने खाली धरायचं, नाहीतर सगळा सूटच वर येतो. आणि ही पट्टी मधे येते, तिला धरायला हातच उरत नाही. मला दोनच आहेत." हे तिने अशा सुरात सांगितलं, जणू माणसाच्या घडणीतली ही चूक आजवर कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

"अगं मग मला सांगायचं ना! इथे माझे दोन आहेत!"

टिरिलने तिच्या हातांकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे. तिला खरंच काही कळेना.

"ते तर खिशातले आहेत," ती म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती हो. तक्रारही करत नव्हती. भिंतीवरचं घड्याळ भिंतीवरचं असतं, तसे ओड्रुनचे हात खिशातले होते, एवढंच ती सांगत होती.

"पण मागितला असतास तर..." ओड्रुन बोलायला लागली आणि थांबली. मागितला असता तर दिला असता का? खरं सांगायचं तर नाही. "तूच कर, तुला येतं," असं हसून म्हणाली असती, जशी प्रत्येकाला म्हणत आली होती. किती जणांनी एकदा मागून पाहिला असेल आणि पुन्हा तोंड उघडलं नसेल! आणि ती सभेत उभी राहून ओरडून सांगायची की आमच्याकडे कुणी मदत मागत नाही. टाळ्या घ्यायची त्याच्यावर. तिचे कान तापले, लाजेने अगदी लालबुंद झाली ती.

पण लाजायलाही वेळ नव्हता. तिने दोन्ही हात टिरिलसमोर धरले, बाजारात मासळी दाखवतात तसे.

"यातला एक घे. उसना. तू सांगशील तेवढंच करेल तो, स्वतःच्या मनाने काहीएक करणार नाही. कुठला पाहिजे?"

टिरिलचे हुंदके जागच्या जागी थांबले. तिने डावा निरखला, उजवा निरखला, उलटा करून पाहिला. वर टेकडीवर सूर्य डोंगराआड जायच्या घाईत होता आणि इथे बाईसाहेब हात निवडत होत्या!

"हा," ती म्हणाली. डावा. "इथे धर. खाली. घट्ट."

"धरलं."

"ओढायचं नाही हं!"

"नाही ओढत."

"ओढतोय तो!"

"चुकला. गप्प बसवते." आणि खरोखरच ओड्रुनचा तो हात एवढा शिवशिवत होता की तिला दात आवळावे लागले. एक झटका, फक्त एक झटका दिला असता तर काम फत्ते होतं! पण तिने शब्द दिला होता. ती खांबासारखी गप्प राहिली.

टिरिलने डाव्या हाताने पट्टी बाजूला दाबली. उजव्या हाताने चेन पकडली. जीभ बाहेर आली.

झर्र.

खट् झालं नाही.

झर्रर्र. मांडी गेली. पोट गेलं. टिरिलचे डोळे मोठे मोठे व्हायला लागले. छाती गेली, पट्टीने एकदा तोंड आत घालायचा प्रयत्न केला, तिला टिरिलने अंगठ्याने असं काही दाबलं की तिची पुन्हा हिंमत झाली नाही. गळा. हनुवटी!

"लागली!" टिरिल ओरडली. "ओड्रुन! लागली!"

"लागली!" ओड्रुनही ओरडली. पोरीला मिठी मारावी की नाचावं, तिला सुचेना. "पळ आता! पळ, पळ, पळ!"

आणि दोघी सुटल्या. दार सताड उघडं राहिलं, ओड्रुनची टोपी खुंटीवरच राहिली, कोटाची बटणं उघडीच. कुणाला पर्वा! टेकडीची वाट तुडवून तुडवून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. टिरिल पुढे, चारही हातापायांनी चढत, मागे ओड्रुन धापा टाकत. एकदा घसरली, गुडघ्यावर आपटली, "काही नाही, काही नाही, तू पळ!" म्हणत उठली. तिला हसू येत होतं आणि छाती फुटायची वेळ आली होती, दोन्ही एकदम.

वर योस्टाइन दिसला. गडी दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरवत होता, उड्या मारत होता, त्या गुडघ्यांवर! पण तोंडातून आवाज नाही. नियम म्हणजे नियम. त्याच्याभोवती सगळी पोरं हातमोजे तोंडावर दाबून उभी होती. स्वेर्रेचा चेहरा तर असा झाला होता की आता शिट्टी वाजते की काय. म्हातारी माणसं कप हातात धरून निश्चल. आणि सगळ्यांचे चेहरे, ओड्रुनच्या लक्षात आलं, सगळ्यांचे चेहरे पिवळेधमक झाले होते.

तो आला होता. मघाशीच आला होता, आणि अख्खं गाव ओठ आवळून त्याच्यासमोर उभं होतं, एका साडेचार वर्षांच्या पोरीची वाट बघत.

टिरिल शेवटची चढण चढली आणि तिच्यासमोर उभी राहिली बर्फाची भिंत. वाट साफ करताना यंत्राने उडवलेला बर्फ, ओड्रुनच्याही डोक्याच्या बराच वर. पलीकडे जायला वळसा घालून लोकांच्या गर्दीतून जावं लागलं असतं. खाचेतला उजेड एका कडेने कापत चालला होता, योस्टाइन बोटाने दाखवत होता, लवकर, लवकर! टिरिलने उडी मारून पाहिली. भिंतीला नखं लावून पाहिली. खाली घसरली.

मग ती वळली. ओड्रुनसमोर येऊन तिने दोन्ही हात वर केले.

"उचल मला," ती म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं. ओड्रुनच्या बालवाडीत, ओड्रुनच्या समोर! स्वेर्रेचे डोळे टोपीबाहेर आले. योस्टाइनने तर श्वासच रोखला.

ओड्रुनने तिला काखेत धरलं आणि उचललं.

"दिसतोय?"

"नाही. अजून वर!"

तिने तिला खांद्यावर बसवलं.

"अजून!"

"अजून कुठे, बाई?"

"उभं राहायचंय मला! पाय धर! ओढू नको, नुसते धर!"

आणि टिरिल ओड्रुनच्या खांद्यांवर उभी राहिली. ओले, बर्फाळलेले बूट मानेच्या दोन्ही बाजूंना. ओड्रुनने दोन्ही घोटे पक्के धरले. तिच्या डोळ्यांसमोर फक्त बर्फाची पांढरी भिंत होती, दुसरं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. क्षणभर वरून आवाजच आला नाही.  गेला की काय? उशीर झाला?

"आऽऽऽलाऽऽऽ!"

अरे, काय तो आवाज! एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघतो कसा! तो फियॉर्डवरून गेला, समोरच्या डोंगरावर आपटला आणि परत आला. आणि मग जे काही सुरू झालं! झाकणं, डाव, किंकाळ्या, म्हाताऱ्यांच्या शिट्ट्या, कुत्र्यांचं भुंकणं. योस्टाइन रडत होता आणि रडत नाहीये असं सगळ्यांना सांगत होता. स्वेर्रे इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम ओरडून बर्फात आडवा झाला. वरती टिरिल दोन्ही हात पसरून उभी, आणि तिचे बूट ओड्रुनच्या खांद्यांवर नाचत होते. हाडं मोडतील की काय असं वाटत होतं. मोडू देत, ओड्रुनला वाटलं. आज काय वाट्टेल ते मोडू दे.

थोड्याच वेळात खाचेतली शेवटची चमक विझली. पिवळे चेहरे पुन्हा निळसर झाले. योस्टाइन कॉफीचा कप घेऊन ओड्रुनपाशी आला.

"तू पाहिलाच नाहीस की," तो म्हणाला. "समोर नुसती भिंत!"

"नाही पाहिला," ओड्रुन म्हणाली. तिला अजून धाप लागली होती.

"चेन तिनेच लावली?"

"तिनेच."

"तुझे हात खिशात होते?"

 उत्तर द्यायची गरजच पडली नाही, कारण खाली उतरलेली टिरिल तोवर बनांच्या ट्रेभोवती जमलेल्या सगळ्या फौजेत घुसली होती. हाक मारून झाली होती, मान मिळाला होता, पण तिच्याकडे याहून मोठी बातमी होती. ती ट्रेशेजारच्या खोक्यावर चढली.

"तुम्हाला माहितीये?" ती ओरडली. "ओड्रुनचे हात मिळतात! मागितले की मिळतात!"

 पोरांच्या हातातले बन हातातच राहिले.

"खोटं!" स्वेर्रे म्हणाला.

"खरं! मी घेतला होता. डावा. आपण सांगू तसंच करतो तो."

सगळी टाळकी एकदम ओड्रुनकडे वळली. पालकांसमोर, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर ती न डगमगता बोलायची. या नजरांसमोर तिला उभं राहवेना. तिचे डोळे भरून आले. थंडीने आले म्हणायची सोय होती, पण तिने तसं म्हटलं नाही.

स्वेर्रे पुढे आला. त्याचा उजवा हातमोजा मनगटापाशी गोठून कडक झाला होता आणि निघत नव्हता. बन डोळ्यांसमोर, आणि हात मोज्यात! दातांनी ओढून ओढून त्याने तो नुसता ओला केला होता. तो ओड्रुनसमोर येऊन थांबला, एकदा तिच्या खिशांकडे बघितलं, एकदा टिरिलकडे. टिरिलने जोरजोरात मान हलवली. माग की!

"ओड्रुन," तो अगदी हळू म्हणाला, हा घसा फोडून ओरडणारा पोरगा, "तुझा एक हात मिळेल का?"

ओड्रुनने कॉफीचा कप योस्टाइनच्या हातात कोंबला आणि ती बर्फात गुडघ्यांवर बसली.

"मिळेल की," ती म्हणाली. "कुठे धरू, सांग."